सारवलेल्या जमिनीची आकारणी

घर मोजायला माणसं आली तेव्हा आईने नुकतीच ओटी सारवली होती.

२०१७ ची दिवाळी होऊन गेली होती. भात झोडून झालं होतं, पेंढ्याची उडवी रचून झाली होती, आणि मी चार दिवसांची रजा काढून पुण्याहून दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी गेले होते. सकाळी नऊच्या सुमारास बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, दोघं आत आले. एक ग्रामपंचायतीचा शिपाई, गावातलाच, बाबांना काका म्हणणारा. दुसरा एक तरुण मुलगा, हातात टेप आणि काखेत लांबट वही. शिपाई म्हणाला, "काका, घर मोजायचंय. नव्या पद्धतीने पट्टी बसणार."

बाबा म्हणाले, "मोजा की."

आई मात्र दारात आडवी उभी राहिली. "आत्ताच हात फिरवलाय रे. पाय उमटतील."

त्यांना अजून अकरा घरं करायची होती. बाबांनी गोणपाट आणून टाकलं, त्यावरून ते भिंतीच्या कडेकडेने गेले, पण टेप ताणून धरायला मुलाला एकदा ओटीच्या मधोमध पाय टाकावाच लागला. दोन पावलं उमटली, डावं जरा खोल. आई काही बोलली नाही. पुढच्या सारवणापर्यंत ती पावलं तिथेच होती आणि ती दर वेळी त्यांना वळसा घालून जायची.

ज्यांनी सारवण केलं नाही त्यांना हे कदाचित एवढं का लागावं असं वाटेल. आमच्याकडे पावसाळ्यानंतर जमीन नव्याने करावी लागते. ओल लागून फुगलेली माती उकरायची, लाल माती चाळून टाकायची, पाणी मारून दोन दिवस मुरू द्यायची, मग चोपण्याने चोपायची. चोपताना हाताला एक ठेका सापडतो, तो सुटला की जमीन खालीवर होते. ती पुरी सुकायच्या आत गुळगुळीत दगडाने घोटायची, आणि मग शेणाचा हात. हात म्हणजे खरोखरच हात. उकिडवं बसून मागे मागे सरकत, बोटं जुळवून, एकात एक अर्धी वर्तुळं काढत. माझ्या आजीची वर्तुळं मोठी होती, आईची लहान आणि दाट आहेत. अंधारात नुसत्या पायाने मला सांगता येईल की ही जमीन कोणी सारवलीय.

त्या मुलाने वहीत आमच्या घराची लांबी-रुंदी लिहिली, बांधकामाच्या प्रकारात 'दगड व माती, कौलारू' असं लिहिलं, आणि बाबांना विचारलं, "घर किती वर्षांचं?" बाबांनी आजोबांच्या लग्नावरून हिशेब लावला. साठ वर्षं तरी. मुलाने तेही लिहिलं.

हे वय का विचारतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. मी पुण्यात एका वकिलांकडे जमिनीच्या आणि घरांच्या कागदांचं काम करते, त्यामुळे नियम हाताशी असतात. ग्रामपंचायत घरपट्टी घेते ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या अधिकाराने आणि १९६० च्या कर व फी नियमांप्रमाणे. पूर्वी चौरस फुटावर सरळ आकारणी व्हायची. २०१५ च्या डिसेंबरअखेर नियम बदलले आणि भांडवली मूल्य आलं. म्हणजे घराच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या वार्षिक दराने गुणायचं, त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याने गुणायचं, दोन्हींची बेरीज करायची, आणि घर राहण्यासाठी की धंद्यासाठी त्याप्रमाणे भारांक लावायचा. जे मूल्य येईल त्यावर दर हजार रुपयांमागे इतके पैसे असा कर. बांधकामाचे प्रकार चार: झोपडी किंवा मातीचं, दगड-विटा आणि मातीचं, दगड-विटा आणि चुना किंवा सिमेंटचं, आणि आरसीसी. दर चार वर्षांनी फेरआकारणी. आकारणीची नोंदवही म्हणजे नमुना ८, मागणीची नमुना ९, आणि पैसे भरल्यावर हातात पडते ती पावती नमुना १०. गावात मात्र या सगळ्याला मिळून 'पट्टी' एवढा एकच शब्द आहे. दिवाबत्ती, आरोग्य, पाणी सगळं त्यात येतं.

वय विचारलं ते घसाऱ्यासाठी. घर जितकं जुनं तितका बांधकामाचा भाग कमी धरला जातो. करापुरतं बघितलं तर हे आमच्या फायद्याचंच आहे, मला ते समजतं. तरी घसारा हा शब्द मी पहिल्यांदा आमच्या घराला लावून वाचला तेव्हा मला वाईट वाटलं. साठ वर्षांत त्या घराचं काय घासलं गेलं होतं? दर वैशाखात बाबा आणि काका कौलं उतरवून झाडायचे, फुटकी बदलायचे, वाळवी लागलेला वासा काढून नवा घालायचे. चिऱ्यांच्या सांध्यांतली माती आई दर वर्षी भरायची. जमीन तर वर्षातून एकदा जन्माला यायची. झिजली ती माणसं. आजीचे गुडघे त्या जमिनीवर गेले, आता आईचे चाललेत. हे लिहायला रकाना नाही, आणि तो असावा असं माझं म्हणणंही नाही. पण घर म्हणजे काय हे ठरवताना नुसतं सामान आणि वय बघितलं की त्याच्यावर राबणारे हात दिसेनासे होतात, आणि माझ्या मते या कराची सगळी अडचण तिथे सुरू होते.

कारण हेच हात जेव्हा थोडं सुख मागतात तेव्हा मात्र घर लगेच दिसायला लागतं.

आमच्या वाडीत तेव्हा एक समज होता, अजूनही आहे, की लादी घातली की पट्टी वाढते. नियमात असं काही नाही. वाढते ती क्षेत्रफळाने आणि बांधकामाच्या प्रकाराने. पण हे कोणी कधी कोणाला नीट समजावून सांगितलेलं नाही, त्यामुळे माणसं अंदाजाने भितात. शेजारच्या काकींनी गुरं विकल्यावर रिकाम्या गोठ्याची खोली केली नाही, गोठा गोठाच ठेवला, मुलगा-सून मुंबईहून आले की ओटीवर झोपतात. एकाने मागच्या पडवीला भिंत घातली नाही, विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधून ठेवले. वाढीव पट्टी किती आली असती? वर्षाला दोन-चारशे रुपये, फार तर पाचशे. एवढ्यासाठी? असं पुण्यात बसून वाटतं. पण ज्या घरात रोख पैसा वर्षातून दोनदा येतो, एकदा सुपारीचा आणि एकदा आंब्याचा, तिथे कायमची नोंद होणं याचीच भीती असते. एकदा लिहिलं गेलं की पुसलं जात नाही, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय.

आम्हीही तेच केलं. २०१८ मध्ये बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. न्हाणी मागच्या अंगणात, संडास आगराच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या बागेच्या, टोकाला, पावसात रात्री तिकडे जायचं म्हणजे कंदील, काठी आणि आईचा खांदा. आम्ही मागे एक खोली काढली. दहा बाय बारा, आरसीसी, आत कमोड, भिंतीला धरायला दांडा. माझ्या पगारातून आणि भावाच्या कर्जातून. ती नोंदवायला हवी होती. बाबा म्हणाले, "विचारतील तेव्हा सांगू." मी कागदांचं काम करणारी, मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले.

पुण्यातल्या माझ्या घराची गोष्ट निराळी. २०१९ मध्ये आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत १९७० पासून मिळत आली होती, ती २०१९ पासून नव्या घरांना बंद झाली. आमचं पहिलं बिल त्यामुळे पूर्ण रकमेचं आलं. २०२३ मध्ये सवलत परत मिळाली, त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज, सोसायटीचं पत्र, गॅसचं कार्ड असं सगळं जोडून दिलं. गच्चीवर सौर संच बसवला, पावसाचं पाणी जिरवलं, गांडूळ खत केलं तर पुण्यात सामान्य करात सूट मिळते. एक केलं तर ५ टक्के, दोन केली तर १०. आमच्या सोसायटीने खताचा खड्डा केला, फोटो काढले, अर्ज केला. मला ही योजना मनापासून आवडते. घरात काही चांगलं केलं म्हणून कर कमी होतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे उकिरडा केला म्हणून पैसे सोडतात?" तिच्या आवाजात नवल होतं. आमच्या घरामागची शेणकी माझ्या पणजीच्या काळापासूनची आहे.

आता जे सांगते ते मला कामातच सापडलं, आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

एका जुन्या जमिनीच्या दाव्यासाठी मी १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा चाळत होते. त्यात कलम १०७ आहे. फेरआकारणी करताना जमिनीची किंमत आणि शेतीतला नफा बघावा, असं आधी म्हटलंय. मग पुढे म्हटलंय की, मागच्या आकारणीच्या मुदतीत जमीनधारकाने स्वतःच्या खर्चाने जमिनीत काही सुधारणा केली असेल, तर त्या सुधारणेमुळे वाढलेली किंमत किंवा नफा नव्या आकारणीत धरू नये. मी ते तीनदा वाचलं. कोणी स्वतःच्या पैशाने विहीर पाडली, बांध घातला, माळाची बागायत केली, तर तीस वर्षांनी सारा ठरवणाऱ्याने त्या विहिरीच्या पाण्याचा पैसा सरकारात मागायचा नाही. सरकारच्या खर्चाने झालेल्या सुधारणेची गोष्ट वेगळी. तिचा वाटा सरकार मागू शकतं.

हे परक्या सरकारने केलं आणि दयेपोटी केलं नाही. १८३० च्या दशकात इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली ती त्याआधीच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याच्या भारी आकारणीने गावं ओस पडू लागली होती म्हणून. जास्त पिकवलं तर जास्त नेतील, ही भीती गेल्याशिवाय माणूस विहिरीला हात घालणार नाही, हे त्यांना कळलं होतं. तीस वर्षांची मुदत त्यासाठीच होती. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हे कलम कुळापर्यंत कितपत पोचलं याची मला शंकाच आहे. मध्ये खोत बसलेला, सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा. भाताचं अर्धं पीक तोच उचलायचा, मग सरकारने सुधारणा धरली काय नि सोडली काय. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती कायद्याने गेली ती त्यानंतर बारा वर्षांनी, १९४९ च्या कायद्याने. तेव्हा त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तत्त्व म्हणून बघितलं तर ते कलम खरं आहे. जमीन सगळ्यांची असते, ती कोणी केलेली नसते, तिच्यावर गावाचा हक्क आहे. माणसाने आपल्या हाताने तिच्यात जे घातलं, ते त्याचं. शेताला जे तत्त्व लागलं ते घराला का लागू नये?

उलट केलं की काय होतं तेही जगाने बघून झालंय. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात राहिले. फ्रान्सने १७९८ मध्ये दारं-खिडक्यांवर कर बसवला तो १९२६ पर्यंत चालला. हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन विचारवंताने इजिप्तचं उदाहरण दिलंय. मोहंमद अलीने खजुराच्या झाडांवर कर लावला तेव्हा शेतकऱ्यांनी झाडंच तोडून टाकली. त्याच्या दुप्पट कर जमिनीवर लावला तेव्हा मात्र तसं काही झालं नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या विचाराच्या वाटेने पिट्सबर्ग शहर १९१३ पासून २००१ पर्यंत चाललं. जमिनीवर दर जास्त, इमारतीवर कमी.

खजुराची गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या पोफळी, सुपारीची झाडं, आठवली. त्या वेळी ती आडवी झालेली होती.

३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, आणि आमचा तालुका त्याच्या खालच्या अंगाला. आई-बाबा त्या नव्या खोलीत बसून राहिले. जुन्या घराची कौलं एकेक करून नव्हे, ओळीच्या ओळी उडाल्या. आईने नंतर सांगितलं की तिला वाऱ्यापेक्षा आगरातले आवाज ऐकवत नव्हते. पोफळ मोडते तेव्हा आधी करकरते आणि मग एकदम फाटल्यासारखी जाते. ती मोजत बसली होती. चाळीसपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं.

मला जायला जूनची अखेर उजाडली. टाळेबंदी, ई-पास, घाटात दरडी. बेड्यातून आत गेले तर समुद्राकडचं आकाश दिसलं. आमच्या घरातून आकाश असं कधी दिसलंच नव्हतं. वर पोफळींच्या शेंड्यांचं छत असायचं, त्याखाली जायफळ, केळी, पाटाच्या कडेने आळू, आणि पोफळींच्या अंगाने चढलेल्या मिरवेली. भर मे महिन्यातही तिथे अंगावर काटा येईल असा गारवा असे. आता लख्ख ऊन होतं, आणि त्या उन्हात आई एका आडव्या खोडावर बसली होती. आमच्या बासष्ट पोफळी आणि नऊ माड गेले होते.

सरकारने आधी हेक्टरी मदत जाहीर केली. पण आमच्याकडची आगरं गुंठ्यांत, कुठली हेक्टरी लावणार? लोकांनी ओरड केली, तेव्हा झाडामागे मदत ठरली. माडाला २५० रुपये, सुपारीला ५०. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक आले. आगरात उतरून त्यांनी झाडं मोजली, आणि आई त्यांच्याबरोबर फिरली. एकेका खोडाशी थांबून ती सांगत होती की ही माझ्या लग्नाच्या वर्षीची, ही सासूबाईंनी लावलेली, ही आडमुठी, हिने दहा वर्षं फळ धरलं नाही आणि मग धरलं ते थांबेचना. कृषी सहायक चांगला होता. त्याने ऐकून घेतलं. लिहिलं मात्र फक्त 'सुपारी ६२, माड ९'. मिरवेली लिहिल्याच गेल्या नाहीत, त्या पोफळींच्या खाली सापडल्या होत्या. हिशेब ५३५० रुपये झाला. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात.

मला त्या माणसांना दोष द्यायचा नाही. पण आमच्या घराण्यात त्या आगराची झाडं सरकारी कागदावर एक एक करून मोजली गेली ती पहिल्यांदा त्या दिवशी, पडल्यावर. उभी होती तेव्हा ती ना कुठे श्रीमंती म्हणून लिहिली गेली, ना काम म्हणून.

आणि मग घराकडे आले. नमुना ८ बघितला. जुन्या घराचं नुकसान लिहिलं गेलं. मागच्या खोलीचं काय? तिच्या गच्चीवर माड पडून एक कोपरा पूर्ण फुटला होता, टाकी गेली होती, दांड्याची भिंत चिरली होती. ग्रामसेवक म्हणाले, "ही नोंदीला नाही, काका." बाबा काही बोलले नाहीत. मी तिथेच उभी होते, मीही काही बोलले नाही. काय बोलणार? आम्हीच तिला लपवली होती. वर्षाला दोन-चारशे रुपये वाचवले आणि गरजेच्या दिवशी ती खोली आमची नाहीच, असं झालं.

बाबा २०२१ च्या डिसेंबरात गेले, त्याच खोलीत.

पट्टीशिवाय गावाचं चालत नाही. रस्त्यावरचा दिवा, नळाचं पाणी, गटार, शाळेकडची पायवाट यांतलं कितीतरी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या पैशावर चालतं, आणि तो पैसा मुख्यतः पट्टीचा. मला पट्टी नको असं वाटत नाही. वाटतं ते एवढंच की ती जमिनीवर जास्त बसावी आणि हातांच्या कामावर कमी. आमच्या किनाऱ्याकडे गेल्या पंधरा वर्षांत जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. रस्ता झाला, मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीला येऊ लागली, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. त्या वाढीचा वाटा गावाने मागावा, रिकाम्या पडलेल्या, कुंपण घालून ठेवलेल्या जमिनींकडून तर आधी मागावा. पण म्हाताऱ्या माणसासाठी काढलेली न्हाणी, वादळानंतर घातलेलं पक्कं छप्पर, गोठ्याची केलेली खोली यांना निदान एक फेरआकारणी तरी मोकळीक द्यावी. १८७९ च्या कायद्याने विहिरीला दिली तशी. आणि ग्रामसभेत फळ्यावर लिहून सांगावं की कशाने पट्टी वाढते आणि कशाने नाही. मग कोणी झाप बांधून राहणार नाही, आणि कोणाची खोली पंचनाम्यातून गळणार नाही.

बाबांच्या मागे वारसनोंद करायची होती ती मी केली. शासनाची 'घर दोघांचे' अशी योजना आहे, घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची. वाडीत काही घरांत ती नावं लागलीही आहेत. आमच्याकडे बाबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, पण उठून गेलेही नव्हते. उताऱ्यावर आईचं नाव आलं ते ती एकटी राहिल्यावर. तिने तो कागद बराच वेळ हातात धरला, चष्मा लावून वाचला, आणि देवघरातल्या पेटीत पावत्यांच्या वर ठेवला.

आगरात तिने पुन्हा पोफळी लावल्या. श्रीवर्धनी रोठा जातीच्या, काही रोपं दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आणलेली, काही तिने स्वतः पडलेल्या झाडांच्या सुपाऱ्या निवडून वाफ्यात रुजवलेली. ही दुसरी तिला जास्त प्रिय आहेत. पहिली दोन वर्षं सावली नव्हती म्हणून तिने मध्ये केळी लावल्या, आणि रोपांच्या पश्चिमेला झावळ्या उभ्या केल्या, दुपारच्या उन्हाने खोड भाजू नये म्हणून. २०२२ मध्ये मी मोबाइलवर ई-पीक पाहणी भरली, रोपांचा फोटो काढला. आई म्हणाली, "उभी असताना लिहितात होय आता?"

पुढची मोजणी २०२३ च्या जानेवारीत झाली. मी मुद्दाम त्या दिवसांत गेले होते. शिपाई तोच, टेपवाला मुलगा निराळा. या खेपेला त्याच्याकडे वहीबरोबर मोबाइलही होता. आई ओटीवर उकिडवी बसून मागे सरकत शेवटचा कोपरा सारवत होती. गुडघ्यामुळे आता तिला मध्ये मध्ये थांबावं लागतं.

"काकी, मोजणी आहे," शिपाई अंगणातून म्हणाला.

"ठाऊक आहे," आई हात न थांबवता म्हणाली. "मागची खोली आहे, दहा बाय बारा, स्लॅबची. ती आधी लिही. मागल्या वेळी राहिली होती."

मुलाने लिहिलं. मग तो ओटीच्या पायरीकडे आला, चप्पल काढायला वाकला, आणि आईने शेणाचा हात वर केला.

"आता नको. ओलं आहे. वाळेस्तोवर आगर बघून ये."

मुलाने शिपायाकडे बघितलं. शिपाई आधीच पायरीवर बसून तंबाखू मळायला लागला होता. मुलाने टेप गुंडाळून खिशात घातली आणि पाटाच्या कडेने खाली उतरला.